सावळ्या गालावरचा उजेड

भोकरच्या उन्हाला सुट्टी नसते. श्रावणातही ढग दोन दिवस रेंगाळले की तिसऱ्या दिवशी ते पुन्हा आपल्या जागेवर येतं, आणि चैत्र-वैशाखात तर सकाळी नऊलाच रस्ता डोळ्यांसमोर हलायला लागतो. आठवडी बाजारात ज्यांना पालाखाली जागा मिळते त्या बाया नशिबाच्या. बाकीच्या डोक्यावरचा पदर कपाळावर ओढून उन्हातच बसतात. समोर मेथीच्या जुड्या, हिरव्या मिरच्या, कधी ओल्या हळदीचे कंद. मी त्यांचे चेहरे लहानपणापासून पाहत आले. भाव करताना, सुटे पैसे मोजताना, शेजारणीला काही सांगताना हे चेहरे ज्या सहजतेनं हलतात त्यात एक देखणेपण आहे, आणि त्या देखणेपणावर पुष्कळदा एक सावली बसलेली असते. दोन्ही गालांच्या उंचवट्यांवर, कपाळावर, नाकाच्या दांडीवर, वरच्या ओठावर पसरलेली तपकिरी छटा. कडा नागमोडी, डावीकडे जेवढी, जवळपास तेवढीच उजवीकडे. हा वांग. कुणाला पहिल्या बाळंतपणात आलेला, कुणाला दुसऱ्या, आणि कुणाला कापूस वेचता वेचता कधी आला ते कळलंच नाही असा.

माझ्या वहिनीला तो धाकट्या लेकराच्या वेळी आला. तोवर तिच्या चेहऱ्याबद्दल कुणी काही बोलत नव्हतं. मग जो तो बोलू लागला. "काय माय, तोंडाला काय झालं गं?" विचारणारीच्या मनात माया असते, हे वहिनीलाही ठाऊक होतं. तरी हळदी-कुंकवाला गेली की ती उजेडाकडे पाठ करून बसायची. फोटोच्या वेळी मागच्या रांगेत सरकायची. आरशात बघणं तिनं सोडलं नाही, पण बघण्याची तऱ्हा बदलली. सगळा चेहरा सोडून ती गालाचा तेवढाच तुकडा निरखत राहायची.

कुणी याला नटवेपणा म्हणेल, तर मला ते मान्य नाही. आमच्या नांदेड जिल्ह्यातच माहूरगड आहे. तिथल्या रेणुकामातेचं रूप म्हणजे शेंदूर ल्यालेलं एक भव्य मुख. हात नाहीत, पाय नाहीत, आयुधं नाहीत. गड चढून आलेलं माणूस त्या चेहऱ्यापुढं उभं राहतं आणि मनातलं सगळं सांगून मोकळं होतं. चेहऱ्यात अख्खं माणूस मावतं, हे ज्या मुलखाला इतकं कळतं, तिथल्या बाईनं आपल्या गालावरचा डाग जावा असं म्हटलं तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

उपाय सांगणाऱ्यांची वाण नव्हती. जायफळ दुधात उगाळून लाव, साय-हळद लाव, लिंबाची फोड चोळ. यातलं लिंबू सगळ्यांत वाईट. त्याच्या रसातली काही द्रव्यं कातडीवर असताना ऊन लागलं की तिथं दाह होतो, आणि डाग आधीपेक्षा काळा पडतो. लिंबानं भागलं नाही की पाळी येते ती औषधाच्या दुकानातल्या ट्यूबची. चिठ्ठी कुणी मागत नाही, रांग लागत नाही. लावल्यावर आठवडाभरात चेहरा खरंच उजळतो, आणि घात तिथंच होतो. पुष्कळदा तिच्यात तीव्र स्टेरॉईड असतं. महिनोन् महिने लावत गेलं की कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, पुटकुळ्या येतात, लव वाढते. आणि सोडावी म्हटलं तर चेहऱ्याची आग आग होते, म्हणून बाई पुन्हा तीच लावते. देशातल्या अनेक केंद्रांतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी मिळून केलेली एक पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉईड लावत होते. २०१८ साली सरकारनं अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि सौम्य स्टेरॉईड यांचं मिश्रण डॉक्टरही वांगावर देतात, पण मोजक्या आठवड्यांसाठी आणि नजरेखाली ठेवून. औषध आणि विष यांच्यामध्ये तिथं फक्त ती नजर असते.

मुळात हा रंग आपला वैरी नाही, हे समजून घ्यायला हवं. कातडीच्या वरच्या पदराच्या तळाशी रंगपेशी असतात. बोस्टनच्या गोऱ्या बाईत आणि भोकरच्या सावळ्या बाईत त्यांची संख्या जवळपास सारखीच. फरक आहे तो त्या पेशी घडवतात त्या कणांमध्ये. आपले कण मोठे, मेलॅनिननं भरलेले, सुटेसुटे पसरलेले आणि लवकर न विरणारे. शेजारच्या पेशींत पोचल्यावर ते केंद्रकाच्या वरच्या अंगाला, ऊन येतं त्या बाजूला, गोळा होतात आणि आतल्या डीएनएवर छत्र धरतात. उन्हानं होणारे कातडीचे कर्करोग गोऱ्या देशांच्या मानानं आपल्याकडं फार कमी, ते या छत्रामुळं. पिढ्यान् पिढ्या या रानात राबलेल्या आयाबायांना कुणी टोपी दिली नाही, छत्री दिली नाही. त्यांच्या कातडीनं आतल्या आत ती उघडली.

वांग म्हणजे याच राखणदारीचा अतिरेक. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांनी संप्रेरकं बदलतात, वरून ऊन पडत असतं, चुलीची धग लागत असते, आईला असेल तर लेकीलाही येण्याचा संभव असतो. आणि रंगपेशी गरजेपेक्षा जास्त कामाला लागतात. सावळ्या कातडीत केवळ उन्हातले अतिनील किरणच हे करत नाहीत, डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही करतो. म्हणून आपल्यासारख्यांनी वापरायचं सनस्क्रीन मातकट रंगाचं, लोहाच्या ऑक्साईडचं असलेलं चांगलं. ते हा उजेडही अडवतं. वहिनीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे ताई, उजेडानंच आलंय, अन् आता उजेडानंच घालवायचं म्हणतेत?" मशीननं डाग काढतात, हे तोवर तिच्या कानावर आलं होतं.

त्या मशीनमागची गोष्ट मोठी आहे. १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून जगातला पहिला लेझर किरण काढला. पुढच्या दोन-तीन वर्षांतच सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी तो माणसाच्या कातडीवर आजमावला. गडद रंग हा किरण जास्त पितो, हे त्यांना दिसलं. मग १९८३ साली रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी 'सायन्स' या नियतकालिकात आजच्या सगळ्या डाग-लेझरांचा पाया घातला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: रंगाचा कण जो किरण पितो तोच किरण निवडा, आणि तो इतका क्षणभरच सोडा की कण तापून फुटेल, पण त्याची उष्णता शेजाऱ्यांपर्यंत पोचायला सवडच मिळणार नाही. क्यू-स्विच म्हणतात त्या लेझरची एक ठिणगी काही नॅनोसेकंदांची असते. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. फुटलेल्या कणांचा चुरा शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी हळूहळू वाहून नेतात. गोंदण पुसतात तेही असंच. तांड्यावरच्या जुन्या बायांच्या हातावरचं काजळीचं हिरवं-निळं गोंदण किंवा पोरवयात मनगटावर कोरून घेतलेलं नाव, दोन्हीवर हा किरण चालतो.

पण ही सगळी मांडणी झाली ती गोऱ्या कातडीच्या देशात. कातडीचा प्रकार सांगणारी जी पट्टी जगभर वापरतात, ती हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली केली. पहिल्या चारही पायऱ्या गोऱ्यांच्याच होत्या: कोण उन्हात लगेच भाजतं, कोण उशिरा, कोण रापतं. सावळ्या आणि काळ्या लोकांसाठी पाचवी आणि सहावी पायरी मागून जोडली गेली. आपल्यातले बहुतेक लोक चौथ्या-पाचव्या पायरीवर बसतात. डॉक्टर फाईलवर तो आकडा लिहितात आणि त्यावरून मशीनची ताकद ठरवतात.

आणि पेच इथंच आहे. लेझर रंग शोधतो, डाग शोधत नाही. गोऱ्या गालावर तपकिरी ठिपका असला तर रंग फक्त ठिपक्यात आहे. किरण नेमका तिथंच जाऊन काम करतो. सावळ्या गालावर रंग सगळीकडं आहे. किरणाला डागातलं मेलॅनिन आणि आपलं जन्मजात मेलॅनिन सारखंच. सोयाबीनच्या रानात खुरपायला बसलेली बाई तण आणि पीक दोन्ही हिरवंच बघते, पण तिचं खुरपं पिकाला लागत नाही, कारण तिला पात्याची, देठाची, मुळाची ओळख असते. मशीनला ही ओळख नाही. ती ओळख मशीन धरणाऱ्या हातात असावी लागते. तो हात घाईचा निघाला तर कातडी पोळते. आणि पोळलेल्या सावळ्या कातडीला एकच उत्तर येतं, आणखी रंग. डाग काढायला गेलेली बाई दुप्पट काळा डाग घेऊन परतते. कधी उलटं होतं. कमी ताकदीचे पण फार वेळा, फार लवकर लवकर झोत मारले तर रंगपेशीच खचतात आणि तपकिरी गालावर तांदळाच्या कणीएवढे पांढरे ठिपके उठतात. आपल्याकडं चेहऱ्यावर पांढरा ठिपका म्हणजे कोड, आणि कोड म्हटलं की सोयरिकी मोडतात. काळ्या डागापायी चार शब्द ऐकलेल्या बाईवर पांढऱ्या ठिपक्यापायी काय वेळ येत असेल, ते भोकरमध्ये वेगळं सांगावं लागत नाही.

नांदेडच्या डॉक्टर्स लेनमध्ये एका दवाखान्यात आम्ही बसलो होतो. भोकरहून मुदखेडमार्गे गाडीनं आलेल्या, अर्धापूरहून एसटीनं आलेल्या, कडेवर लेकरू घेतलेल्या बाया बाकावर दाटीनं बसलेल्या. डॉक्टरमॅडमनी वहिनीचा गाल भिंगाखाली बराच वेळ पाहिला. मग सांगितलं ते वहिनीला आवडलं नाही. वांगावर लेझर हा पहिला उपाय नाही. आधी उन्हापासून जपायचं, सनस्क्रीन दिवसातून पुन्हा पुन्हा लावायचं, मलम नेमानं लावायचं, काही महिने वाट बघायची. कमी पडलं तरच मशीन, आणि तेही बेतानं. "एवढ्या लांबून आलोय, आजच करा की मॅडम," वहिनी म्हणाली. मॅडम हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, तुमच्या चेहऱ्यावर मला घाई करायची नाही." माझ्या मनात त्या डॉक्टरांविषयी आदर भरला तो त्या वाक्यानं. दारात चालून आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायला विद्येइतकीच माया लागते.

बऱ्याच महिन्यांनी मशीनची पाळी आली, तेव्हाही आधी टेस्ट पॅच. कानाच्या पुढं, केसांत लपेल अशा जागी, बोटाच्या नखाएवढा तुकडा. खोलीत सगळ्यांच्या डोळ्यांना गडद चष्मे, वहिनीच्या डोळ्यांवर पट्टी. नळीच्या टोकातून टक्, टक्, टक् असा कोरडा आवाज. जळक्या केसाचा किंचित वास. आणि कातडीवर हलकी लाली. वहिनीनं माझा हात धरला होता. "रबर ताणून सोडल्यावानी लागतंय," ती म्हणाली, "बाळंतपणापुढं काहीच नाही." ज्या किरणानं हे केलं तो डोळ्यांना दिसत नाही. त्याची तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर, तांबड्या उजेडाच्या पलीकडची. हा किरण मेलॅनिन कमी पितं, म्हणून तो वरच्या कातडीला फारसा न डिवचता खोल उतरतो. सावळ्या कातडीसाठी त्याला पसंती असते ती यामुळं. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा किरण वरवरच्या ठिपक्यांवर जोरदार चालतो, पण आपल्या रंगावर तो जपून वापरावा लागतो. पॅचनंतर पुन्हा काही आठवडे थांबायचं. आपली कातडी रागावली तर लगेच सांगत नाही. ती सावकाश काळी पडते.

दवाखान्यातल्या त्या बाकावर एक कॉलेजातली मुलगी होती. तिच्या एका डोळ्याभोवती, कपाळापासून गालापर्यंत निळसर-राखाडी चट्टा होता, आणि त्याच डोळ्याच्या पांढऱ्यातही तसलीच निळी झाक. याला ओटाचा डाग म्हणतात. जपानच्या ओटा नावाच्या डॉक्टरांनी १९३९ साली त्याचं वर्णन केलं. आपल्यासारख्या आशियाई लोकांत, आणि त्यातही बायांत, तो जास्त आढळतो. यात रंगपेशी कातडीच्या खोल थरात राहिलेल्या असतात. रंग तोच, काळा-तपकिरी. पण खोलवरून येताना कातडी उजेड विखुरते, आणि काळं निळं दिसतं. हे कळल्यापासून मला विठ्ठलाच्या रंगाचं वेगळंच वाटतं. त्याला आपण एकाच तोंडानं काळाही म्हणतो, सावळाही आणि निळाही. खोल गेलेला काळा रंग निळा होतो, हे डोळ्यांनी बघायला मिळालं ते त्या मुलीच्या कपाळावर. तो चट्टा सुंदर होता, असं मी म्हणणार नाही. तिनं ओढणी ज्या पद्धतीनं घेतली होती ती बघितल्यावर तसं म्हणायचा अधिकार तिच्याखेरीज कुणाला नाही.

तिच्यासाठी मात्र लेझर ही खरी आशा आहे. खोल रंगावर मलम पोचत नाही; किरण पोचतो. हैदराबादचे डॉ. संजीव औरंगाबादकर यांनी ओटाच्या डागाच्या ५० भारतीय रुग्णांवर क्यू-स्विच एनडी-याग लेझर वापरून त्याचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. काही जणांची कातडी मध्येच काळवंडली, पण तो काळेपणा ओसरला. आपल्या रंगाच्या माणसांवर, आपल्या उन्हात हे जमतं, याचा तो दाखला होता. हैदराबादचं नाव ऐकून मला बरं वाटलं, यालाही कारण आहे. १९४८ पर्यंत भोकर निजामाच्याच राज्यात होतं, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच राहिलं. आणि आजही भैंसा, निर्मळच्या वाटेनं आमची माणसं मोठ्या दुखण्यासाठी तिकडंच जातात. आमच्या रंगाची कातडी पुस्तकाच्या मागच्या पायरीवर न ठेवता आपल्याच मुलखात, आपल्याच डॉक्टरांनी समोर घेऊन अभ्यासली. त्याच डॉ. औरंगाबादकरांनी डॉ. वेंकटराम म्हैसूर यांच्यासह या लेझरांसाठी भारतीय त्वचारोगतज्ज्ञांची मार्गदर्शक सूत्रंही लिहिली. गोऱ्या कातडीच्या देशातून आलेलं मशीन भोकरच्या गालापर्यंत नीट पोचायला अशी माणसं मध्ये असावी लागतात.

माणसं नसली की मध्ये बाजार येतो. १९७५ साली, फिट्झपॅट्रिक यांनी पट्टी केली त्याच साली, भारतात 'फेअर अँड लव्हली' आली. २०२० साली तिच्या नावातला 'फेअर' गेला आणि 'ग्लो' आला. नाव बदललं, तरी पत्रिका जुळवताना "मुलगी नाकीडोळी नीटस आहे, पण..." हे वाक्य आमच्याकडं अजून अर्ध्यावरच थांबतं. त्या 'पण'ला मलमाची ट्यूब कळते, पार्लरचं ब्लीच कळतं आणि आता लेझरही कळायला लागला आहे. "डाग राहू द्या, सगळा चेहराच उजळ करून द्या," असं म्हणत मुलींना घेऊन येणाऱ्या आया दवाखान्यांत बसलेल्या असतात. त्यांच्या डोळ्यांतली काळजी खरी आहे, म्हणून त्यांच्यावर रागावता येत नाही. पण समाज इथं अगदी त्या मशीनसारखा वागतो. त्यालाही रंग दिसतो आणि डाग दिसत नाही. जिथं गडद दिसेल तिथं तो झोत मारतो. फरक इतकाच की मशीनची ताकद कमी करायला बटण आहे.

वहिनीचा वांग पुरता गेला नाही, आणि जाईल असं डॉक्टरांनी कधी सांगितलंही नव्हतं. तो फिकट झाला, कडा विरल्या. शेतातली कामं तिला चुकली नाहीत. आता ती रुंद काठाची टोपी घालून, वरून रुमाल बांधून जाते, आणि सनस्क्रीनची बाटली डब्याच्या पिशवीत असते. आधी बाकीच्या बाया हसल्या. मग एकीनं विचारलं, केवढ्याला मिळते. एखादा उन्हाळा कडक गेला की छटा पुन्हा गडद होते, मग पुन्हा जपायचं. वांगाशी असा लांबचा संसार करावा लागतो, आणि हे आधीच सांगणारा डॉक्टर भेटला तर बाईची फसगत होत नाही.

म्हणून शाळेतल्या मोठ्या मुलींना आणि त्यांच्या आयांना मी हे सांगत असते. डाग काढावासा वाटला तर खुशाल नांदेडला जा, लातूरला जा, सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत जा. समोरचे डॉक्टर त्वचारोगतज्ज्ञच आहेत ना, ते आधी विचारा. माझ्या रंगाच्या कातडीवर तुम्ही हे मशीन वापरलंय का, टेस्ट पॅच करणार का, आणि डाग उलट वाढला तर पुढं काय करणार, हेही विचारा. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही; तो खुर्ची जरा पुढं ओढतो आणि सांगायला लागतो. आणि डाग दाखवायला गेल्यावर जो कुणी डाग सोडून तुमच्या रंगाबद्दल बोलायला लागेल, सगळंच गोरं करून देतो म्हणेल, त्याच्या पायरीवरून तशाच उठून या. गाडीभाडं वाया गेलं तरी चालेल.